रेघ आणि रीळ : एक प्रस्तावना

1994 साली नर्मदेच्या खोऱ्यावर एक चित्रमय पुस्तक निघालं. लिहिणारे आणि काढणारे एकच, ओरिजित सेन. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेले, दिल्लीत राहणारे, तेव्हा तिशीतले. पुस्तकाचं नाव ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’. भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून आज ते ओळखलं जातं. ते कुठल्या कॉमिक्स कंपनीने काढलेलं नव्हतं. पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या ‘कल्पवृक्ष’ या गटाने ते छापलं. याच गटाच्या तरुण मंडळींनी 1983 मध्ये नर्मदेच्या खोऱ्यातून प्रवास करून येऊ घातलेल्या धरणांच्या परिणामांबद्दल लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ हा माहितीपट आला. त्यालाही ना स्टुडिओचा आधार होता ना वितरकाचा.

नर्मदा महाराष्ट्रात फक्त एका जिल्ह्याला स्पर्श करते, आणि तो जिल्हा नंदुरबार. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांच्या उत्तरेच्या कडेने ती वाहते. 1994 मध्ये हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. सरदार सरोवर या धरणामुळे महाराष्ट्रातली जी 33 गावं बाधित झाली, ती सगळी याच दोन तालुक्यांतली. तेव्हा देशातल्या स्वतंत्र कॉमिक्सचा इतिहास सांगायला बसलं की पहिल्याच पानावर आपली नदी येते, आणि चळवळीच्या माहितीपटांचा इतिहास काढला की याच गावांपैकी मणिबेलीचं नाव येतं. एवढं असूनही तळोदा, शहादा, नवापूर इथल्या बहुतेक वाचकांपर्यंत यातलं काही पोचलेलं नाही. ही पुस्तिका लिहायला घेतली ती त्यासाठी.

पुस्तिकेत दोन विषय आहेत. एक, स्वतःच्या हिमतीवर काढलेली, छापलेली आणि वाटलेली कॉमिक्स. दुसरा, जुने चित्रपट डिजिटल तंत्राने पुन्हा पाहण्याजोगे करण्याचं काम. हे दोन्ही एकाच पुठ्ठ्यात का बांधले, असं कुणीही विचारेल. माझं उत्तर असं, की दोन्हीकडे कुणीतरी एका चौकटीकडे जीव ओतून पाहत बसलेलं असतं, आणि त्याला ते काम कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय नंदुरबारपुरतं बोलायचं तर जे पाण्याखाली गेलं त्याचं चित्ररूप आता फक्त या दोन ठिकाणी उरलं आहे: कुणी काढलेल्या रेघेत, नाहीतर कुणी चित्रित केलेल्या रिळात किंवा टेपमध्ये. म्हणून हे दोन विषय मला वेगळे करता येत नाहीत.

आधी कॉमिक्सबद्दल. माझ्या पिढीला हा प्रकार भेटला तो एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या दुकानात. 1964 मध्ये टाइम्स समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं आणि वेताळ, मँड्रेक मराठीत बोलू लागले. त्यानंतर ‘अमर चित्रकथा’ आली. तिच्या पानांवर राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी हातांनी किती काम केलं आहे, हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं. कृष्णाचा किंवा शिवाजी महाराजांचा चेहरा डोळ्यांसमोर आणा म्हटलं तर आपल्यातल्या पुष्कळांना या मंडळींनी काढलेलाच चेहरा आठवतो. त्या पुस्तकांवर माझं प्रेम आहे आणि ते कमी होणार नाही. पण ती कंपनीची कॉमिक्स होती. गोष्ट कोणती घ्यायची, पानं किती, शेवट कसा, हे ठरवणारे वेगळे आणि काढणारा वेगळा. त्यात सातपुड्यातला माणूस आलाच तर भाला घेऊन झाडाआड उभा राहण्यापुरता.

स्वतंत्र कॉमिक्समध्ये हे उलटं होतं. ज्याला सांगायचं आहे तोच काढतो, तोच अक्षरं घालतो, झेरॉक्स काढतो किंवा छापतो आणि हातोहात विकतो. अमेरिकेत 1968 च्या सुमारास रॉबर्ट क्रम्ब आणि त्यांच्या सोबत्यांनी अशी पुस्तकं रस्त्यावर विकली. त्याच परंपरेतून पुढे आर्ट स्पीगलमन यांचं ‘माउस’ आलं. नाझी छळछावणीतून वाचलेल्या बापाची ती मुलाने काढलेली कहाणी, आणि तिला 1992 मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. मार्जान सत्रापी यांनी इराणमधलं आपलं बालपण काढलं, जो सॅको यांनी पॅलेस्टाइनमधून चित्रांतून बातमीदारी केली. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ त्याच काळातलं आहे, आणि कुणाची नक्कल नाही.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. लघुअनियतकालिकांची चळवळ आपल्याकडे होऊन गेली आहे. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांनी काय केलं? मोठ्या मासिकांच्या दारात न थांबता मिळेल त्या कागदावर, जमेल त्या छपाईत, आपल्याला हवं ते छापलं. ‘वाचा’चे भालचंद्र नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे. अरुण कोलटकर तर पेशाने चित्रकार-संकल्पनकार होते. आणि नंदुरबारच्या मातीत बघायचं तर वाहरू सोनवणे आहेत. शहाद्याच्या श्रमिक संघटनेतून आलेल्या या भिल्ल कवीचा ‘गोधड’ हा संग्रह 1987 चा. आपली गोष्ट दुसऱ्याने मंचावरून सांगण्यापेक्षा आपण सांगावी, हा आग्रह इथे कवितेत केव्हाच मांडून झाला आहे. तो चित्रकथेत यायचा बाकी आहे.

‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ उघडलं की दोन धागे दिसतात. एक विष्णू नावाच्या तरुण बातमीदाराचा, जो शहरातून खोऱ्यात येतो. दुसरा मालगू गायन याचा, जो सृष्टीच्या जन्माची कथा गातो. कुजुम चंटू या आदिमातेने जग कसं घडवलं, नदी कशी वाहू लागली, हे त्याच्या गाण्यातून कळत जातं. नदीचं नाव रेवा, धरणाचं रेवासागर; नावं बदललेली असली तरी कुठलं खोरं ते लपत नाही. रेलकू नावाची आदिवासी बाई आपली हकिगत सांगते तो भाग मी पुन्हापुन्हा वाचतो. आपली जमीन कशी गेली हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नाही. साक्ष द्यावी तसं सांगते, आणि चित्रकार तिच्या मध्ये येत नाही. मिथकाच्या पानांवरची रेघ आणि बातमीच्या पानांवरची रेघ सेन यांनी वेगळी ठेवली आहे. एक वाहती, मऊ; दुसरी शाईची, नेमकी. पाऊणशेसुद्धा पानं नसलेल्या या पुस्तकात हे दोन आवाज शेजारी ठेवून त्यांनी एक मोठा प्रश्न विचारला: कुणाच्या कथेला इतिहास म्हणायचं? पुस्तक बरीच वर्षं मिळत नव्हतं. 2022 मध्ये चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ प्रकाशनाने ते पुन्हा काढलं. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याची एक तरी प्रत असली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. हे पुस्तक बाहेरून आलेल्या, प्रेमाने आलेल्या चित्रकाराचं आहे. आतल्या हाताने काढलेली चित्रकथा कशी असेल याचा अंदाज 2011 च्या ‘भीमायन’वरून येतो. डॉ. आंबेडकरांचं जीवन सांगणारं हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढलं. माणसांना चौकटीत कोंडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. म्हणून त्यात कॉमिक्सच्या सरळ चौकटी नाहीत. भिंतीवर आणि अंगणात काढतात त्या दिग्नाच्या नक्षीने पानं विभागलेली आहेत. बोलण्याचे फुगेही बोलणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे बदलतात. गोड बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. हे कुठल्याही कलाशाळेत शिकवत नाहीत. ते त्या लोकांकडे होतंच, कॉमिक्सने फक्त जागा दिली.

आता काठी गावच्या राजवाडी होळीचा विचार करा. रात्रभर ढोल घुमत असतो. कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे आणि बांबूचे टोप, अंगभर राखेची नक्षी. त्याआधीचा भोंगऱ्या बाजार, दिवाळीतली अस्तंब्याची यात्रा, याहामोगी मातेची कथा, सारंगखेड्याचा घोडेबाजार. या सगळ्याचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात, पण फोटोत आदल्या रात्रीचं घर येत नाही, व्रत पाळणाऱ्या माणसाचे दिवस येत नाहीत, सुरतेच्या बाजूला ऊसतोडीला गेलेला भाऊ होळीला येतो की नाही याची वाट पाहणारी बहीण येत नाही. चित्रकथेत हे येऊ शकतं. आणि ते पावरी, वसावी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजरी, हवं त्या बोलीत येऊ शकतं, कारण फुग्यात शब्द थोडेच लागतात आणि उरलेलं चित्र सांगतं. लिपीची भीती वाटणाऱ्या मुलालाही हा प्रकार जवळ करतो. शाळेच्या भाषेत गप्प राहणारं पोर पेन्सिल हातात आल्यावर किती बोलतं, हे शिक्षकांना ठाऊक आहे.

यासाठी खर्च जवळजवळ नाही. शरद शर्मा आणि त्यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ या संस्थेने गेली अनेक वर्षं जी पद्धत देशभर शिकवली ती अगदी साधी आहे. ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, काळ्या शाईने गोष्ट काढायची, झेरॉक्स करून गावात चिकटवायची: ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, पिठाच्या गिरणीवर, एसटी थांब्यावर. पहिल्या चौकटीत माणूस आणि जागा, दुसऱ्यात अडचण, तिसऱ्यात ती टोकाला जाते, चौथ्यात वळण. चित्रकला यायलाच हवी अशी अट नाही. रेशन दुकान, आश्रमशाळेतलं जेवण, वनपट्टा, हंगामी स्थलांतर, पाड्यावर न येणारी नळयोजना, काहीही विषय चालतो. पुस्तिकेचा पहिला भाग याच चार चौकटींनी सुरू होतो.

दुसरा भाग चित्रपटांचा. मे 2024 मध्ये कान महोत्सवाच्या अभिजात विभागात श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवरून दाखवला गेला. 1976 चा हा चित्रपट गुजरातच्या 5 लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये देऊन उभा केला होता. त्यातली बिंदू म्हणजे स्मिता पाटील. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, म्हणजे शहाद्याला लागून असलेल्या तालुक्याचे. जग ज्या चेहऱ्याकडे पाहत होतं तो आपल्या खानदेशातल्या घरचा होता. 1986 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते पुढच्या पिढीला दिसणार की नाही, हे आता सर्वस्वी फिल्म कशी टिकते यावर ठरतं. दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षं दिसलेली ‘मंथन’ची विटलेली प्रत आणि ही नवी प्रत यांत फरक इतका आहे की चित्रपट नव्याने भेटतो. मातीचा रंग वेगळा कळतो, संध्याकाळ संध्याकाळ वाटते.

हे घडतं कसं? ‘मंथन’पुरतं सांगतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात मूळ कॅमेरा निगेटिव्ह होती. आवाज मात्र फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जपलेल्या 35 मिलिमीटरच्या प्रदर्शन-प्रतीवरून घ्यावा लागला. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या या संस्थेने चेन्नईच्या प्रसाद आणि इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेबरोबर काम केलं, आणि छायाचित्रकार गोविंद निहलानी व स्वतः बेनेगल यांनी त्यावर देखरेख ठेवली. पहिलं काम हाताचं असतं. फिल्मच्या कडेची फाटलेली भोकं जोडायची, जुने सांधे पुन्हा चिकटवायचे, बुरशी पुसायची. मग फिल्म धुऊन एकेक चौकट स्कॅन करायची. सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात 1 लाख 72 हजार 800. त्यातले ओरखडे, धूळ, थरथर, लुकलुक काढत जायचं. पडद्यावरचा दाणा मात्र काढायचा नाही, कारण दाणा हा फिल्मचा पोत आहे. तो गुळगुळीत केला की माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. चांगला जाणकार ओळखावा तो कुठे थांबतो त्यावरून. जुना चित्रपट कालच काढल्यासारखा दिसायला नको. पहिल्या दिवशी जसा दिसला असेल तसा दिसायला हवा.

आपण काय गमावलं ते पाहिलं की या कामाची तातडी कळते. भारतात सुमारे 1300 मूकपट निघाले. आज त्यातले तिसाच्या आसपास उरले आहेत, तेही पुष्कळसे तुकड्यांत. 3 मे 1913 रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याचीही पहिली आणि शेवटची रिळं तेवढी हाती आहेत. तीही पी. के. नायर यांच्यामुळे. 1964 मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि नायर यांनी आपलं सगळं आयुष्य रिळं शोधण्यात घातलं. नाशिकला फाळक्यांच्या घरी गेले, जुन्या थिएटरांची अडगळ धुंडाळली. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा 1925 चा मूकपट, सावकाराने नागवलेल्या शेतकऱ्याची कथा, आज कुणालाच पाहता येत नाही. जुनी नायट्रेट फिल्म भराभर पेटते. 2003 च्या जानेवारीत पुण्यातल्या साठवणगृहाला आग लागली आणि अशी कितीतरी रिळं गेली. उलट कधी चमत्कारही होतात: ‘घाशीराम कोतवाल’ या मराठी चित्रपटाची प्रत बर्लिनच्या आर्सेनल संस्थेत राहिली होती, तिथेच ती डिजिटल होऊन पुन्हा पडद्यावर आली.

सरकारनेही मोठं पाऊल उचललं आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत 2022 मध्ये 2200 चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी 363 कोटी रुपये जाहीर झाले. पण पुण्या-मुंबईची कोणतीही मोहीम आपणहून धडगावच्या कपाटापर्यंत येणार नाही. आणि आपला खरा ठेवा त्या कपाटात आहे.

कारण नंदुरबारचं चित्रण सेल्युलॉइडवर फारसं झालेलंच नाही. ते झालं 1980 नंतर, सोबत नेता येणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर, व्हीएचएस, हाय-एट, यू-मॅटिक अशा चुंबकीय टेपवर. धरणविरोधी आंदोलनाचे मोर्चे, गावसभा, आंदोलनाने चिमलखेडीला काढलेल्या जीवनशाळेची सुरुवातीची वर्षं, लग्नं, होळ्या, शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर. 1993 च्या पावसाळ्यात मणिबेलीची घरं पाण्याने घेतली. 2019 च्या सप्टेंबरमध्ये सरदार सरोवर प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. या मधल्या सव्वीस वर्षांत एकेक उतार, एकेक शेत, एकेक पायवाट गेली. ती जागा कशी दिसायची हे आज पंचविशीतल्या मुलाला दाखवायचं तर टेपशिवाय काय आहे?

टेप मात्र फिल्मपेक्षा नाजूक. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहकणांचा थर एका चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो. ते द्रव्य हवेतला ओलावा शोषून घेतं, थर सुटू लागतो, आणि अशी टेप यंत्रात घातली की चित्रच खरवडून निघतं. वीस-तीस वर्षं हे तिचं साधारण आयुष्य मानलं जातं, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक टेपचं ते संपलं आहे. यंत्रंही संपत आली. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि त्यानंतर नवीन यंत्र कुणी बनवत नाही. चांगली फिल्म थंड, कोरड्या खोलीत शंभर वर्षं निघू शकते. टेप आपली वाट पाहणार नाही.

म्हणून वाचकाला शेवटी एक विनंती. घरात, संस्थेत, शाळेत, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत जुनी व्हिडिओ कॅसेट असेल तर ती फेकू नका आणि लगेच चालवूनही बघू नका. पुस्तकासारखी उभी ठेवा, कोरड्या जागी; स्पीकर किंवा इन्व्हर्टरच्या जवळ नको. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी करा. डिजिटल प्रत करून घेताना चांगल्या यंत्राचा आणि जाणत्या माणसाचा शोध घ्या, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर दोन प्रती ठेवा, आणि मूळ कॅसेट प्रत झाल्यावरही जपा. ज्यांचं चित्रण आहे त्यांना, त्यांच्या घरच्यांना, ती प्रत आधी दाखवा. देवकार्याचं चित्रण असेल तर गावाला विचारल्याशिवाय पुढे देऊ नका. आणि सगळ्यात आधी, आजच, कॅसेटवर चिठ्ठी लावा: कोणतं गाव, कोणता पाडा, कोणतं साल, दिसणारी माणसं कोण. ही माहिती सांगू शकणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्याशेजारी बसून ती लिहून घ्या.